सिगीन हे नाव पुन्हा नको

तोर्वी आपल्याला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, असं आता आमच्या गावात सगळेच सांगतात. खोटं आहे. तो सगळ्यांना आवडायचा. मलाही आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शहाणपणाचा आव आणतेय असं कुणाला वाटायला नको.

मी ओद्रून. क्राकुवीकच्या मासळी कारखान्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक सिगीनच्या शेजारी उभी राहून. आमचं काम किडे काढायचं. काचेचं टेबल, त्याच्या खाली दिवा, वर कॉडचा सोललेला तुकडा. उजेडात मासा आरपार दिसतो आणि आतला किडाही दिसतो. तपकिरी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखा वेटोळं घालून बसलेला. सुरीच्या टोकानं तो उचकटायचा आणि बादलीत टाकायचा. पहिला आठवडाभर माझ्या पोटात अन्न राहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच हातांनी मी ब्रेड-लोणी खात होते. बाहेर मासळीची भुकटी करणाऱ्या भट्टीचा धूर गावावर बसलेला असायचा. वाळत घातलेल्या कपड्यांना, उशांना, तान्ह्या पोरांच्या केसांना तोच वास. पुरुष म्हणायचे, "नाक काय मुरडता? पोटापाण्याचा वास आहे हा."

सिगीनचे वडील थोरग्रीमुर आमचे शाळामास्तर होते. उंच, स्वच्छ, नखं कातरलेली. आख्ख्या गावात ज्याच्या अंगाला माशाचा वास येत नाही असा तो एकच माणूस. त्यांना ख्रिस्ताआधीच्या जुन्या देवांचं वेड. मुलगी झाली तेव्हा बायकोला आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं, आमच्याकडे तशीच रीत आहे. पण बारशाला चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नाव विचारलं तेव्हा मास्तर बायकोच्या आधी बोलून मोकळे झाले. "सिगीन." हे नाव तेव्हा अख्ख्या देशात शोधून एखाददुसरीचंच सापडलं असतं. पाद्रीबाबांनी म्हणे पाण्यातला हात तसाच ठेवून विचारलं होतं, "त्या लबाडाची बायको? ती सिगीन?" मास्तर म्हणाले, "त्या लबाडाला न सोडणारी, ती सिगीन."

आम्हाला ही गोष्ट ते दरवर्षी वर्गात सांगायचे. लोकी नावाचा एक देव. गोड बोलणारा, सगळ्यांना हसवणारा आणि आतून सडका. त्यानं कपटानं सगळ्यांच्या लाडक्या देवाचा जीव घेतला. तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला गुहेत नेऊन खडकांना जखडलं आणि त्याच्या तोंडाच्या वर एक साप टांगला. सापाचं विष थेंब थेंब खाली पडायचं. सगळ्यांनी पाठ फिरवली. फक्त त्याची बायको सिगीन हातात भांडं घेऊन शेजारी उभी राहिली आणि विष झेलत राहिली. भांडं भरलं की ते ओतायला तिला जावं लागायचं. तेवढ्यात थेंब त्याच्या तोंडावर पडायचे, तो तडफडायचा आणि जमीन हादरायची. "'सिग' म्हणजे विजय," मास्तर फळ्यावर लिहायचे, "आणि पुढचं अक्षर मैत्रीण या अर्थाच्या जुन्या शब्दातलं. विजयाची सखी." आणि आपल्या मुलीकडे बघायचे. ती तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेली असायची. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यामागे ओरडत पळायची, "सिगीन, भांडं भरलं गं! ओतून ये!" मीही ओरडायचे.

गोष्टीतला एक तुकडा मास्तर गाळायचे. तो मला सिगीननं पुढे कितीतरी वर्षांनी किडे काढता काढता सांगितला.

"लोकीला कशानं बांधलं होतं माहितीये?" तिनं विचारलं.

"दोरानं. साखळदंडानं. काय की."

"आतड्यांनी. त्यांच्या मुलाच्या. देवांनी एका मुलाचा लांडगा केला, त्यानं भावाला फाडलं, आणि भावाची आतडी काढून बापाला बांधलं. तिचाच मुलगा तो, ओद्रून. चौदा वर्षांची असताना बाबांच्या कपाटातल्या पुस्तकात वाचलं मी. ती भांडं धरून उभी होती तेव्हा समोर तिला ती आतडी दिसत होती."

"मग मास्तरांना विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, तो भाग लहान मुलांसाठी नाही." तिनं एक किडा बादलीत टाकला. "आणि नाव? ते लहान मुलांसाठी होतं."

तेव्हा मला फार काही वाटलं नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो. स्वच्छ नखांचा तो माणूस, कपाटात तसलं पुस्तक, आणि पाळण्यातल्या पोरीला हे नाव.

तोर्वी शेजारच्या फ्योर्डमधून, डोंगरांत घुसलेल्या पलीकडच्या खाडीवरून आला. अकॉर्डियन वाजवायचा, नकला करायचा, नाचाच्या वेळी म्हाताऱ्यांनाही उठवायचा. सिगीन बाविसाव्या वर्षी त्याची झाली. तीन वर्षांनी वेदीस झाली, ती एकच मुलगी. पुढे तोर्वी कारखान्यात मुकादम झाला, आणि मग आम्हाला त्याचे हात कळले. टेबलामागून जाताना एखादीच्या कमरेला चिमटा. एखादीच्या एप्रनची गाठ सोडायची. वाकलेल्या पोरीच्या मागे उगाच उभं राहायचं. आम्ही वयानं मोठ्या बायका ओरडायचो, "हात आवर रे मेल्या!" तो हसायचा, आम्हीही हसायचो. नव्या पोरींना आम्ही सांगायचो, बर्फघरात एकटी जाऊ नकोस. म्हणजे बघा, आम्हाला माहीत होतं. पोरींना सावध करायचं एवढीच आमची अक्कल. त्याला काही बोलायचं हे कुणाच्या मनात आलं नाही. सिगीन तेव्हा टेबलावरच असायची, तिची सुरी चालूच असायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात उत्तरेकडून योरून नावाची मुलगी हंगामाला आली. वीस वर्षांची, कारखान्याच्या माडीवर कामगारांच्या खोल्यांत राहायची. बोलायला तिखट. तोर्वीनं पहिल्यांदा तिच्या कमरेला हात लावला तेव्हा तिनं कॉडचं शेपूट त्याच्या तोंडावर मारलं. सगळा हॉल हसला. तोर्वीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी पाहिले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दुपारच्या कॉफीच्या वेळेला, माझे हातमोजे राहिले म्हणून मी मागे वळले. बर्फघराचं दार उघडलं आणि तोर्वी बाहेर आला. शर्ट विजारीत खोचत. शीळ घालत. मला पाहून त्यानं डोळा मारला, जणू आम्हा दोघांचं एखादं गुपित असावं. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळानं योरून बाहेर आली. एप्रन फाटलेला, केसांत बर्फाचा चुरा, ओठ फुटलेला. ती माझ्याकडे न बघता धुण्याच्या खोलीत गेली आणि मला तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

मी काय केलं? काही नाही. मी हातमोजे घेतले.

माझ्या मागून आलेली सिगीन मात्र धुण्याच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं. तिनं योरूनला टॉवेल दिला, तिचं तोंड पुसलं, फाटलेला एप्रन काढून घेतला आणि दुसरा स्वच्छ एप्रन तिच्या पाठीला बांधला. मग तो फाटका एप्रन तिनं गरम पाण्यात टाकला आणि चोळचोळून धुतला. मला तेव्हा वाटलं, किती मायेची बाई. एप्रन धुतला म्हणजे नक्की काय केलं, ते माझ्या डोक्यात फार उशिरा उतरलं.

योरून व्यवस्थापकाकडे गेली. तिसऱ्या दिवशी मोठ्या गावाहून फौजदार आला. ओला कोट, हातात वही. त्यानं आम्हाला एकेकीला कॅन्टीनमध्ये बोलावलं.

आधी सिगीनला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा कोरा होता. "काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तो माझ्यासोबत कॉफी पीत होता, असं सांगितलं मी."

मग मी. फौजदारानं विचारलं, "बाई, कॉफीच्या वेळेला तुम्ही बर्फघराजवळ होतात?"

"मी टेबलाशी होते."

"कुणाला येता-जाता पाहिलंत?"

"मान खाली घालून काम करतो आम्ही, साहेब. किड्यांशिवाय काही दिसत नाही."

तो हसला. खरंच हसला, वही मिटली आणि कॉफीचा आणखी एक कप मागितला. योरून त्याच आठवड्याच्या बोटीनं गेली. धक्क्यावर तिला पोचवायला कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तोर्वीनं सगळ्या हॉलसाठी साय आणि जॅम घातलेली पॅनकेक्स आणली. "आमच्या इमानदार बायकांसाठी," तो म्हणाला. मी तीन खाल्ली. तिसऱ्यातल्या सायीची चव मला अजून आठवते, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं हेही आठवतं. या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात जास्त शिसारी कशाची येते, तर त्या तिसऱ्या पॅनकेकची.

वसंतात सिगीनला एक पत्र आलं. पाकिटावर गाव नाही, घर नाही, बापाचं नावही नाही. नुसतं 'सिगीन' आणि आमच्या किनाऱ्याचं नाव. आमच्याकडे आडनावं नसतात, फोनच्या पुस्तकातही पहिल्या नावानंच शोधतात. दुसरं कुठलं नाव असतं तर ते पत्र महिनाभर फिरत राहिलं असतं. हे थेट तिच्या दारात आलं. टेबलाशी तिनं ते मला दाखवलं. आत दोनच ओळी होत्या: "तुम्ही मला टॉवेल दिलात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, "फाडून टाक."

तिनं फाडलं नाही. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं, आणि पुढे अकरा वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नाही. हवेबद्दल बोललो. विणकामाबद्दल बोललो. वेदीस राजधानीत शिकायला गेली, परिचारिका झाली, त्याबद्दल बोललो.

एकोणनव्वद साली तोर्वीला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. सिगीननं काम सोडलं आणि त्याला घरी ठेवलं. त्याचं हागणं-मुतणं, त्याची लाळ, त्याच्या पाठीचे व्रण, सगळं तिनं केलं. मी रविवारी जायचे. त्या घरात शिरलं की कापूर, उकळलेलं दूध आणि लघवी यांचा एकत्र वास घशात बसायचा. एकदा मी त्याची उशी सरळ करायला वाकले तर त्याच्या डाव्या हातानं माझी छाती पकडली. घट्ट. आणि वाकड्या तोंडानं तो हसत होता, लाळ गळत होती. मी किंचाळून मागे झाले. सिगीन दारात उभी होती, हातात सुपाची वाटी.

"डावा हात चालतो त्याचा," ती म्हणाली. एवढंच. आवाजात राग नाही, लाज नाही. मग ती बसली आणि त्याला सूप भरवू लागली.

गाव मात्र भारावून गेलं होतं. "नावाला जागली हो!" जिच्यातिच्या तोंडी हेच. दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर. ज्यांनी लहानपणी तिला भांडं ओतायला सांगून रडवलं होतं त्याच आता गहिवरून बोलायच्या. ब्याण्णव सालच्या मध्यहिवाळ्याच्या मेजवानीला महिला मंडळानं तिचा सत्कार केला. लांब टेबलं, मेंढीची भाजलेली डोकी, आंबट ताकात मुरवलेली मेंढ्याची वृषणं, कुजवलेल्या शार्कचे चौकोनी तुकडे. मंडळाच्या अध्यक्षीण आस्लौग यांनी भाषण केलं, पत्नीधर्म वगैरे, डोळे पुसले, आणि एक खोका तिच्या हातात दिला. आत चांदीचा मुलामा दिलेलं भांडं. त्यावर कोरलेलं: सिगीन.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. शार्क मला लहानपणापासून आवडतो, पण त्या दिवशी तो तोंडात फुगत गेला आणि मी तो रुमालात थुंकले. सिगीन भांडं हातात घेऊन उभी होती आणि त्या कोरलेल्या नावाकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता हे फेकते. तिनं फेकलं नाही. "आभारी आहे," म्हणाली आणि बसली.

पुढच्या रविवारी गेले तर ते भांडं तोर्वीच्या हनुवटीखाली. तो खोकत होता आणि हिरवट बेडका त्यात पडत होता.

"अगं, चांदीचं ना ते?" मी म्हणाले.

"काठ रुंद आहे. सोयीचं पडतं."

मला हसू आलं. ती हसली नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात वेदीस आपलं बाळ घेऊन आली. मुलगी, चार महिन्यांची. आजोबांना बघता यावं म्हणून बारसं क्राकुवीकच्याच चर्चमध्ये करायचं ठरलं. आमच्याकडे पाणी घालेपर्यंत नाव कुणाला सांगत नाहीत. फोनवर वेदीस आईला एवढंच म्हणाली होती, "नाव गुपित आहे, पण तू रडणार बघ."

चर्च भरलं होतं. तोर्वी चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेच्या कडेला, नवा सदरा आणि त्यावर लाळेसाठी रुमाल. सिगीन त्याच्या शेजारी. मी तिच्या मागच्या बाकावर. वेदीस बाळाला घेऊन पुढे गेली. पाद्रीबाबांनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवायचं?"

"सिगीन," वेदीस म्हणाली.

चर्चभर 'आहा' झालं. आस्लौगबाईंनी पर्समधून रुमाल काढला. पाद्रीबाबांनी पाण्यात हात बुडवला, आणि सिगीन उठली.

"नाही."

"आई?" वेदीस हसली. तिला वाटलं असावं, आई लाजतेय.

"पाद्रीबाबा, पाणी घालू नका. दुसरं कुठलंही नाव ठेवा. हे नको."

"आई, खाली बस ना. काय करतेयस तू? तुझ्याच मानासाठी..."

"मान?" सिगीनचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "अठ्ठ्याहत्तर साली योरून नावाची मुलगी इथे कामाला होती. तुझ्या बापानं बर्फघरात तिच्यावर हात टाकला. तो माझ्यासोबत कॉफी पीत नव्हता. मी फौजदाराला खोटं सांगितलं. तिचा एप्रन मी धुतला, खूण राहू नये म्हणून. मुद्दाम धुतला."

कुणीतरी मागून म्हणालं, "अगं बाई, चर्चमध्ये..."

"चर्चमध्येच नाव ठेवतात," सिगीन म्हणाली. "तुम्ही मला भांडं दिलंत. हेच नाव, हेच भांडं, आता हिच्या हातात देणार? चार महिन्यांची आहे ती."

तोर्वीच्या घशातून काहीतरी घोगरं निघत होतं. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. त्याला सगळं कळत होतं. वेदीसचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं बाळाला छातीशी धरलं, आईकडे एकदा पाहिलं, तसं मी कुणी कुणाकडे पाहिलेलं पाहिलं नाही, आणि ती मधल्या वाटेनं बाहेर निघून गेली. पाद्रीबाबांच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

आणि मी? मी उठायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मी पाहिलंय. माझी पर्स मांडीवर होती आणि मी तिची कडी उघडत होते, मिटत होते.

चर्चशेजारच्या हॉलमध्ये कॉफी मांडलेली होती. केकवर गुलाबी साखरेत 'सिगीन' लिहिलेलं होतं, कारण केक करणारीला गुपित आधीच सांगावं लागतं. मला वाटलं, लोक घरी जातील. कुणी गेलं नाही. पाच मिनिटं कुजबुज झाली, मग आस्लौगबाईंनी सुरी घेतली. "वाया कशाला घालवायचा?" त्यांनी नावावरूनच सुरी फिरवली. ताटल्या फिरू लागल्या. 'गी' माझ्या ताटलीत आला. काटे वाजत होते, सगळे चघळत होते आणि चघळता चघळता म्हणत होते, "वयानं डोकं फिरलंय बिचारीचं." "दमलीये गं ती." "आणि ती योरून, ती काय धुतल्या तांदळासारखी होती?"

मी ताटली टेबलावर आपटली.

"ती खरं बोलतेय," मी म्हणाले. "मी पाहिलं होतं. तो बर्फघरातून शर्ट खोचत आला आणि मला डोळा मारला. मीही खोटं बोलले."

सगळे माझ्याकडे बघत होते, गाल भरलेले. आस्लौगबाई काटा खाली ठेवून म्हणाल्या, "ओद्रून, आज बाळाचा दिवस आहे गं." आणि कॉफी ओतू लागल्या.

त्याच आठवड्यात सिगीननं डॉक्टरांना बोलावलं आणि सांगितलं, "याला आता तुम्ही न्या." तोर्वीला मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात हलवलं. ती एकदाही भेटायला गेली नाही. सहा महिन्यांत तो गेला. दफनालाही ती गेली नाही. मग गावानं तिला तोंडावर शिव्या घातल्या. आधी ज्या 'नावाला जागली' म्हणायच्या, त्याच म्हणू लागल्या, "चार वर्षं केलं आणि शेवटी टाकलं. कसली सिगीन ही!" एकीनं तिला दुकानात विचारलं, भांडं परत देणार का. सिगीननं घरी जाऊन ते आणलं आणि काउंटरवर ठेवलं. धुतलं नव्हतं. दुकानभर वास सुटला.

तिनं योरूनचा नंबर शोधला. ती एका मोठ्या शहरात बस चालवत होती. फोन लावला तेव्हा मी शेजारी बसले होते, रिसीव्हर आम्हा दोघींच्या कानांच्या मधोमध धरला होता.

"मी सिगीन बोलतेय. क्राकुवीकहून."

पलीकडून योरूनचा आवाज आला. "माहितीये. तुमचं नाव असलेली दुसरी बाई मला कुणी भेटली नाही. पुस्तकात कुठे ते नाव छापलेलं दिसलं तरी मी पान उलटते."

"मी खोटं बोलले होते."

"तेही माहितीये. मला कशाला सांगताय?"

"माफी..."

"ती तुमच्याकडेच ठेवा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी इथे बसलेली नाही. गावाला सांगा. लेखी."

"फौजदाराकडे गेले होते. खटल्याची मुदत संपली म्हणतात."

"मग छापा," योरून म्हणाली आणि फोन ठेवला.

जिल्ह्याच्या साप्ताहिकात, बोटींच्या वेळापत्रकाखाली, ते छापून आलं. काय घडलं, कधी घडलं, कुणी काय खोटं सांगितलं. खाली दोन सह्या. माझ्या नावाच्या देशात कितीतरी बायका आहेत, मी त्यांत लपू शकले असते. सिगीन लपणार कुठे? चार दिवसांनी पश्चिम किनाऱ्यावरून एका म्हातारीचा फोन आला, तिचंही नाव सिगीन. ती रडत होती. "शेजारपाजारचे मला विचारताहेत, तूच का ती म्हणून! ऐंशी वर्षं मी हे नाव अभिमानानं मिरवलं. तू काय करून ठेवलंस?" सिगीननं तिचं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या अंकात तिनं बापाच्या नावासकट आणि घराच्या पत्त्यासकट पुन्हा छापायला लावलं, त्या म्हातारीला त्रास नको म्हणून. योरूनकडून काही उत्तर आलं नाही.

वेदीस दोन वर्षं आईशी बोलली नाही. बाळाचं नाव तिनं राजधानीतच ठेवलं. आल्दा, म्हणजे लाट. कुणाच्या नावावरून नाही. पुढे ती हळूहळू येऊ लागली, आधी अर्धा दिवस, मग दोन दिवस. बापाचा विषय त्या घरात निघत नसे. सिगीन परत कारखान्यात आली, पण किड्यांच्या टेबलावर नाही. ती पॅकिंगला उभी राहिली. तिच्या शेजारी कुणी उभं राहत नसे, म्हणून मी जाऊन राहिले. त्याचं मला कौतुक नको. पंधरा वर्षं उशीर झाला होता.

गेल्या हिवाळ्यात सिगीन गेली, पंचाहत्तर वर्षांची होऊन. नवा पाद्री तरुण आहे, बाहेरगावचा. त्याला कुणी काही सांगितलं नसावं. त्यानं कुठूनतरी नावाचा अर्थ शोधून आणला होता आणि दफनाच्या प्रार्थनेत तो चांगला वीस मिनिटं बोलला: विजयाची सखी, पतीनिष्ठा, संकटात न डगमगलेली स्त्री. लोक माना हलवत होते. जुने लोक, ज्यांना सगळं माहीत आहे ते. मी काठी टेकत बाहेर आले.

मागोमाग आल्दा आली. बावीस वर्षांची झालीये, केस बारीक कापलेले. "तुम्हाला बरं नाहीये का?"

"ते आत जे सांगताहेत ते ऐकवत नाही मला."

"मलाही काहीतरी खोटं वाटत होतं," ती म्हणाली. "आई सांगत नाही. माझं नाव आधी हेच ठेवणार होते ना? आजीनं का नाही ठेवू दिलं?"

वारा फ्योर्डवरून सरळ अंगावर येत होता. मी तिला सगळं सांगितलं. बर्फघर, टॉवेल, एप्रन, माझी तीन पॅनकेक्स, त्या चांदीच्या भांड्यात काय पडायचं ते. काही गाळलं नाही. आतून प्रार्थनेचा आवाज येत होता.

"शी," ती शेवटी म्हणाली. मग, "ती योरून अजून आहे?"

"असेल. माहीत नाही."

"शहराचं नाव सांगा," आल्दा म्हणाली आणि खिशातून फोन काढला.